ढाक्याच्या युद्धगुन्हे खटल्यांत वकिलाची बाजू कशी बदलते

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायाधिकरणात ताजुल इस्लाम हे वकील १९७१च्या युद्धगुन्ह्यांतल्या आरोपींच्या बाजूने उभे राहत. सप्टेंबर २०२४ मध्ये तेच त्या न्यायाधिकरणाचे मुख्य सरकारी वकील झाले. हे नियमात बसतं का? यात निष्ठा बदलणं आलं की नाही? आणि अशा खटल्यांत काम करायचं असेल तर तयारी कशी करायची?

मी फौजदारी कोर्टात दोन्ही बाजूंनी उभा राहिलो आहे. बरीच वर्षं बचावाकडून, मधला काही काळ सरकार पक्षाकडून. ढाक्याच्या या खटल्यांची निकालपत्रं मी पहिल्यापासून वाचत आलो, कारण आपल्याच पुरावा कायद्याच्या घरातली माणसं तो कायदा बाजूला ठेवून खटले कसे चालवतात, हे मला समजून घ्यायचं होतं. उत्तर जरा लांबेल. ताजुल इस्लाम यांच्या नेमणुकीपासून सुरुवात केली तर अर्धीच गोष्ट हाती लागते. तिची सुरुवात खोंदकार महबूब होसेन यांच्यापासून करायला हवी.

महबूब होसेन १९६७ साली वकिलीत आले. मुक्तियुद्धानंतर १९७२ मध्ये पाकिस्तानी लष्कराला साथ देणाऱ्या स्थानिकांवर खटले भरण्यासाठी विशेष न्यायालयांचा हुकूम निघाला. बांगलादेशात त्याला आजही दलाल कायदा म्हणतात. सुमारे ३७,००० लोकांना अटक झाली, २,८४८ जणांवर खटले चालले, ७५२ जण दोषी ठरले. या खटल्यांत महबूब होसेन मुख्य सरकारी वकील होते. नोव्हेंबर १९७३ मध्ये शेख मुजीब यांनी सार्वत्रिक माफी जाहीर केली. खून, बलात्कार, जाळपोळ असे गुन्हे तिच्यातून वगळले होते. मुजीब यांच्या हत्येनंतर, ३१ डिसेंबर १९७५ला तो कायदाच रद्द झाला आणि उरलेले खटलेही बारगळले.

त्यानंतर चार दशकांनी हेच महबूब होसेन सर्वोच्च न्यायालयाच्या अपील विभागात उभे राहिले ते मतिउर रहमान निजामी आणि मीर कासेम अली यांच्या बचावासाठी. दोघेही जमाते इस्लामी या, १९७१ मध्ये पाकिस्तानची बाजू घेणाऱ्या पक्षाचे नेते, दोघांवरही १९७१च्या हत्याकांडांचे आरोप, दोघांनाही २०१६ मध्ये फाशी झाली. तोवर महबूब होसेन बांगलादेश नॅशनलिस्ट पार्टी (बीएनपी) या पक्षाचे मोठे नेते होते आणि सुप्रीम कोर्ट बार असोसिएशनचे अध्यक्षपद त्यांनी अनेकदा भूषवलं होतं. ३१ डिसेंबर २०२२ रोजी ते गेले.

म्हणजे सरकार पक्षाकडून बचावाकडे जाणारी वाट आधी पडली, आणि ताजुल इस्लाम त्याच वाटेने उलट दिशेने आले. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर हे की वकिलीच्या नियमांत दोन्ही बसतं. वकील हा बाजूचा नोकर नसतो, तो त्या खटल्यापुरतं वकीलपत्र घेतो. आपल्या सत्र न्यायालयांतही बचावात मुरलेले वकील जिल्हा सरकारी वकील होतात, आणि सरकारी मुदत संपली की पुन्हा आरोपींची वकीलपत्रं घेतात. मनाई आहे ती एकाच प्रकरणात दोन्हीकडून उभं राहायला, आणि एका अशिलाने विश्वासाने सांगितलेलं दुसऱ्याच्या कामी लावायला. त्या मुद्द्याकडे मी परत येईन, कारण ताजुल इस्लाम यांच्या बाबतीत खरी अडचण तिथेच आहे.

पण त्याआधी कायदा बघा. हा कायदा न बघता या वकिलांना समजून घेता येणार नाही.

आंतरराष्ट्रीय गुन्हे (न्यायाधिकरणे) कायदा जुलै १९७३ मध्ये झाला. डोळ्यांसमोर होते ते भारताच्या ताब्यातल्या सुमारे ९३,००० युद्धकैद्यांपैकी निवडलेले १९५ पाकिस्तानी अधिकारी. हा कायदा टिकावा म्हणून त्याच महिन्यात संविधानाची पहिली दुरुस्ती झाली आणि ४७-क हे कलम आलं. या कायद्याखालच्या आरोपीला काही मूलभूत हक्क मिळणार नाहीत आणि त्यासाठी तो सर्वोच्च न्यायालयातही जाऊ शकणार नाही, असं ते कलम सांगतं. पुढे ९ एप्रिल १९७४ला दिल्लीत भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश यांचा करार झाला. बांगलादेशाकडून सही करणारे परराष्ट्रमंत्री कमाल होसेन स्वतः नामांकित वकील. त्या करारान्वये १९५ जण परत गेले. कायदा मात्र पुस्तकात राहिला, एकाही आरोपीशिवाय, छत्तीस वर्षं.

२५ मार्च २०१० रोजी शेख हसीना यांच्या सरकारने जुन्या हायकोर्टाच्या इमारतीत न्यायाधिकरण बसवलं. त्याआधी २००९ मध्ये दुरुस्ती करून लष्करी माणसांबरोबर कोणत्याही व्यक्तीवर खटला चालवण्याची सोय केली होती. बचावाचा सुरुवातीपासूनचा एक मुख्य युक्तिवाद इथून निघाला: जो कायदा परक्या सैन्यासाठी केला, तो चाळीस वर्षांनी देशातल्या राजकीय विरोधकांना कसा लावता? दलाल कायद्याचे माजी मुख्य सरकारी वकील हे म्हणतात तेव्हा त्याला वजन येतं. न्यायालयाने तो युक्तिवाद मानला नाही. मला विचाराल तर न्यायालयाचं बरोबर होतं. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याला मुदत नसते, आणि कायद्याचे शब्द पुरेसे रुंद होते. खरी दुखरी जागा दुसरीकडे होती.

कलम २३ म्हणतं की या न्यायाधिकरणाला १८९८ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२चा पुरावा कायदा लागू नाही. हा तोच पुरावा कायदा, जो आपण २०२४ पर्यंत वापरला. कलम १९ म्हणतं की पुराव्याच्या तांत्रिक नियमांनी न्यायाधिकरण बांधलेलं नाही. वर्तमानपत्रातली बातमी, छायाचित्र, ध्वनिमुद्रण, सगळं ते घेऊ शकतं. त्याच कलमाची दुसरी पोटकलम आणखी पुढे जाते. साक्षीदार मेला असेल, किंवा त्याला आणायला फार वेळ वा खर्च लागणार असेल, तर त्याने तपास अधिकाऱ्याला दिलेला जबाबच पुरावा म्हणून वाचता येतो.

ज्याने कधी उलटतपास घेतला आहे त्याला याचा अर्थ लगेच कळेल. पोलिसांसमोरचा जबाब म्हणजे तपास अधिकाऱ्याच्या लेखणीतून उतरलेली गोष्ट. साक्षीदार पिंजऱ्यात आला, त्याला विचारलं, तो अडखळला, त्याने स्वतःहून काहीतरी वेगळं सांगितलं, म्हणजे मग कुठे तो पुरावा होतो. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या खटल्यांत पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब ग्राह्य धरण्याची मुभा होती, तेव्हा मुंबईतल्या बचावाच्या वकिलांनी याच कारणाने जीव तोडून विरोध केला होता. ढाक्यात पहिलाच खटला उभा राहिला तो जमातचे नेते देलवार होसेन सईदी यांच्यावर, आणि मार्च २०१२ मध्ये न्यायाधिकरणाने पंधरा गैरहजर साक्षीदारांचे जबाब एकदम दाखल करून घेतले. बचावाचं म्हणणं होतं की यांतले काही साक्षीदार ढाक्यातच, सरकार पक्षाच्या साक्षीदार-निवासात होते. त्यांना मुद्दाम पुढे आणलं नाही. पंधरा माणसं, आणि एकालाही एकही प्रश्न विचारता येणार नाही. बचावाच्या वकिलाचं काम तिथे जवळजवळ संपतं.

अब्दुर रझ्झाक तेव्हा बचाव पथकाचे प्रमुख होते. लिंकन्स इनचे बॅरिस्टर, जमातचे सहायक महासचिव. त्यांच्या पथकाला परदेशी वकिलांचं साहाय्य हवं होतं. स्टीव्हन के, जॉन कॅमेग आणि टोबी कॅडमन हे तीन ब्रिटिश वकील तयारही होते, पण त्यांना कोर्टात उभं राहू दिलं नाही. कॅडमन तर ऑगस्ट २०११ मध्ये ढाक्याच्या विमानतळावरूनच परत पाठवले गेले. पुढे काय झालं ते ऐका: नोव्हेंबर २०२४ मध्ये हेच कॅडमन ताजुल इस्लाम यांच्या कार्यालयाचे विशेष सल्लागार म्हणून नेमले गेले.

डिसेंबर २०१२ मध्ये न्यायाधिकरणाचे अध्यक्ष न्यायमूर्ती निझामुल हक यांची स्काइपवरची संभाषणं बाहेर आली. ब्रुसेल्समध्ये राहणाऱ्या अहमद झियाउद्दीन या बांगलादेशी कायदेतज्ज्ञाशी ते खटल्यांबद्दल, आदेशांच्या मसुद्यांबद्दल बोलत होते, आणि झियाउद्दीन यांचं सरकार पक्षाशीही बोलणं चालू होतं. ११ डिसेंबरला न्यायमूर्तींनी राजीनामा दिला. बचावाने खटले नव्याने चालवण्याची मागणी केली. ती फेटाळली गेली, आणि ज्यांनी सगळे साक्षीदार ऐकले नव्हते अशा न्यायमूर्तींनी निकाल दिले.

माझं मत इथे स्पष्ट सांगतो. १९७१ला पूर्व बंगालमध्ये जे झालं ते प्रचंड होतं. माणसं, बायका, गावंच्या गावं गेली. ज्यांनी ते केलं त्यांना कोर्टासमोर आणायलाच हवं होतं, आणि चाळीस वर्षं ते झालं नाही हा वाचलेल्यांवर दुसरा अन्याय होता. जहानारा इमाम यांनी २६ मार्च १९९२ला ढाक्याच्या सुहरावर्दी उद्यानात भरवलेलं जनतेचं प्रतीकात्मक न्यायालय त्या रागातूनच आलं. त्यांचा मुलगा १९७१मध्ये गेला होता. सरकारने त्या न्यायालयाच्या आयोजकांवरच राजद्रोहाचा गुन्हा लावला. म्हणून खटले हवे होते, यात माझ्या मनात किंतु नाही. आणि हवे होते म्हणूनच ते असे चालवायला हवे होते की सरकार बदललं तरी निकाल हलणार नाही.

सरकार पक्षाकडचे लोक कोण होते हेही बघा, कारण त्यांना खलनायक ठरवून चालणार नाही. पहिले मुख्य सरकारी वकील गुलाम आरिफ टिपू हे राजशाहीचे वकील, १९५२च्या भाषा आंदोलनातले तिथले पुढारी. नेमणूक झाली तेव्हा ऐंशीच्या घरात होते. मार्च २०२४ मध्ये ते गेले. राणा दासगुप्ता चितगावचे वकील आणि हिंदू-बौद्ध-ख्रिश्चन ऐक्य परिषदेचे सरचिटणीस. तुरीन अफरोज अध्यापनातून आल्या, २०१३ मध्ये सरकार पक्षात दाखल झाल्या, आणि एका आरोपीला गुप्तपणे भेटल्याच्या आरोपावरून नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांना काढलं गेलं. सरकार बदलल्यावर, एप्रिल २०२५ मध्ये एका वेगळ्याच गुन्ह्यात त्यांना अटक झाली.

त्यांच्यापुढचं काम अवघड होतं. चाळीस वर्षांनी साक्षीदार कुठून आणायचे? जे वाचले ते तेव्हा लहान होते. जमातचेच नेते अब्दुल कादेर मोल्ला यांच्या खटल्यात ढाक्यातल्या मिरपूरच्या एका कुटुंबाच्या हत्येचा आरोप होता, आणि त्याला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार एकच: त्या कुटुंबातली वाचलेली मुलगी, जी तेव्हा पलंगाखाली लपली होती. तिने बंद दाराआड साक्ष दिली. त्याआधी काही वर्षांपूर्वी तिने एका संग्रहालयाला सांगितलेली हकिकत वेगळी होती, असं बचावाचं म्हणणं. आपल्याकडे आधीच्या लेखी विधानाशी विसंगती दाखवणं हे उलटतपासाचं नेहमीचं हत्यार आहे. तिथे तो मजकूर पुराव्यात धरला गेला नाही.

त्या साक्षीवर मी खूप विचार केला आहे. अशी बाई खोटं बोलते असं मी म्हणणार नाही. ज्या मुलीने आईबाप डोळ्यांदेखत गमावले तिची आठवण सलग, तारखेवार येणारच नाही. संग्रहालयातल्या माणसाला ती जेवढं सांगेल तेवढं न्यायमूर्तींना सांगेल असंही नाही. चांगल्या सरकारी वकिलाने तो जुना कागद स्वतःच कोर्टापुढे ठेवला असता आणि फरक का पडला हे तिच्याच तोंडून काढलं असतं. सरतपासातच, म्हणजे स्वतःच्या साक्षीदाराला प्रश्न विचारतानाच. त्याने साक्ष मजबूत झाली असती. कागद बाहेर ठेवला की शंका कायमची चिकटून राहते, आणि ती शंका त्या बाईला सोसावी लागते, वकिलाला नाही.

५ फेब्रुवारी २०१३ला मोल्लांना जन्मठेप झाली. त्यांनी कोर्टाबाहेर दोन बोटांनी विजयाची खूण केली आणि त्याच संध्याकाळपासून ढाक्यातल्या शाहबागच्या चौकात तरुण जमू लागले. फाशी हवी, ही त्यांची मागणी. बारा दिवसांत संसदेने कायदा बदलला: शिक्षा कमी वाटली तर सरकारलाही अपील करता येईल, आणि तेही मागच्या तारखेपासून लागू. १७ सप्टेंबरला अपील विभागाने चार विरुद्ध एक मतांनी फाशी दिली. वेगळं मत देणारे न्यायमूर्ती अब्दुल वहाब मिया. त्याच मिरपूरच्या आरोपात ती फाशी होती. खालच्या कोर्टाने न दिलेली फाशी अपिलात, एकाच प्रत्यक्षदर्शीवर, आणि गुन्ह्याच्याच काय, निकालाच्याही नंतर झालेल्या दुरुस्तीच्या आधारे. पूर्वलक्षी कायद्याबद्दल कॉलेजात शिकवतात ते सगळं इथे एका प्रकरणात सापडेल.

१० डिसेंबर २०१३ची रात्र. फाशीची वेळ ठरलेली, तुरुंगात तयारी झालेली. बचावाचे वकील रात्री चेंबर जजच्या, म्हणजे तातडीचे अर्ज ऐकणाऱ्या न्यायमूर्तींच्या, घरी गेले आणि काही तास आधी स्थगिती घेऊन आले. पुढचे दोन दिवस पुनर्विलोकन अर्ज, म्हणजे त्याच न्यायालयाने आपला निकाल पुन्हा तपासावा हा अर्ज, या कायद्यात बसतो का यावर युक्तिवाद झाला. १२ तारखेला अर्ज फेटाळला, त्याच रात्री मोल्लांना फाशी झाली. पाच दिवसांनी अब्दुर रझ्झाक देश सोडून इंग्लंडला गेले.

आता या प्रकरणातलं, माझ्या लेखी, सगळ्यात महत्त्वाचं पान. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्या पुनर्विलोकनाचं सविस्तर निकालपत्र आलं. अर्ज गुणवत्तेवर फेटाळला होता, पण अर्ज करण्याचा हक्क आहे, पंधरा दिवसांत तो करता येतो, असं अपील विभागाने त्यात मानलं. अशील जाऊन अकरा महिने झाले होते. तरी कमरुझ्झमान, मुजाहिद, सलाउद्दीन कादेर चौधुरी, निजामी, मीर कासेम या फाशी सुनावलेल्या आरोपींपैकी प्रत्येकाला शेवटचा एक अर्ज करता आला तो या मुद्द्यामुळे. सगळ्यांचे अर्ज फेटाळले गेले, सगळ्यांना फाशी झाली. तेव्हा कोणी म्हणालं असतं की काय मिळवलं?

त्याचं उत्तर २०२५ मध्ये आलं. रंगपूरचे ए. टी. एम. अझहरुल इस्लाम यांना २०१४ मध्ये फाशी झाली होती, २०१९ मध्ये ती कायम झाली होती. उरला होता पुनर्विलोकन अर्ज. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच अर्जावर नव्याने अपिलाची परवानगी मिळाली, अशा खटल्यांत पहिल्यांदाच, आणि २७ मे २०२५ रोजी ते निर्दोष सुटले. पुराव्याचं मोजमाप आधी नीट झालंच नव्हतं, असं न्यायालयाने म्हटलं. २०१३च्या त्या दोन दिवसांत उघडून घेतलेलं दार बारा वर्षांनी कामाला आलं. रझ्झाक तोवर नव्हते. लंडनमध्ये राहून त्यांनी २०१९ मध्ये जमातचा राजीनामा दिला होता, पक्षाने १९७१च्या भूमिकेबद्दल माफी मागायला हवी होती असं कारण देऊन. डिसेंबर २०२४ मध्ये ते मायदेशी परतले आणि ४ मे २०२५ला वारले. ज्यांच्या पुढाऱ्यांचा बचाव केला त्यांनाच चूक कबूल करा असं सांगणारा वकील मला या सगळ्या कहाणीत सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. अशिलाचा बचाव आणि अशिलाच्या कृत्याचं समर्थन या दोन गोष्टी त्याने वेगळ्या ठेवल्या. पक्षातल्या पदामुळे ते त्याला जास्त जड गेलं असणार.

पण अझहरुल यांच्या सुटकेची दुसरी बाजू बघा. रंगपूरकडच्या झाडुआर बिलच्या हत्याकांडात ज्यांची माणसं गेली, त्यांच्या हातात आता काय आहे? दहा वर्षं त्यांना सांगितलं गेलं की न्याय झाला. मग सांगितलं गेलं की तो खटला नीट चाललाच नव्हता. आरोपी खरोखर निर्दोष असेल तर खरे गुन्हेगार कोण होते हे कोणी शोधलं नाही. दोषी असेल तर ढिल्या खटल्याने त्याला सोडवलं. दोन्हीकडून नुकसान त्यांचंच. नियम सैल केल्याने पीडितांचा फायदा होतो ही समजूत किती खोटी आहे, ते इथे दिसतं.

आणि इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. अझहरुल यांचं अपील चालू असताना सरकार पक्षाचं कार्यालय ताजुल इस्लाम यांच्या हाताखाली होतं. ते जमात नेत्यांच्या बचाव पथकातले. अशा वेळी त्या अपिलातला सरकारी युक्तिवाद त्यांच्या कार्यालयाबाहेरच्या, या खटल्यांशी काडीचा संबंध नसलेल्या वकिलाकडे द्यायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे. ते स्वतः उभे राहिले की नाही हा प्रश्न गौण. ज्याच्या सहीने कार्यालय चालतं त्याचा हितसंबंध कार्यालयाला चिकटतो. सुटका योग्य असेलही, तरी तिच्यावर सावली पडली, आणि ती सावली सुटलेल्या माणसावरही पडते.

याउलट, जुलै-ऑगस्ट २०२४ मध्ये हसीना सरकारविरुद्धच्या आंदोलनात झालेल्या हत्यांच्या खटल्यांत त्यांनी सरकार पक्ष चालवणं मला गैर वाटत नाही. तिथे त्यांचं जुनं वकीलपत्र आड येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या अहवालाप्रमाणे त्या आठवड्यांत १,४०० पर्यंत माणसं मारली गेली असावीत, बहुतेक सुरक्षा दलांच्या गोळ्यांनी. त्याचा खटला व्हायलाच हवा. पण ज्याने दहा वर्षं या कायद्याच्या त्रुटी सोसल्या, त्याच्याकडून माझी अपेक्षा दुप्पट होती. काही गोष्टी सुधारल्या, हे मान्य करायला हवं. नोव्हेंबर २०२४च्या दुरुस्तीने माणसं गायब करणं हा मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणून स्पष्टपणे आत आला, कामकाजाचं चित्रीकरण आणि प्रक्षेपण करण्याची सोय झाली, परदेशी वकिलांसाठी दार उघडलं.

बेपत्ता करण्याचा गुन्हा कायद्यात येण्याला या वकिलांच्याच इतिहासाची जोड आहे. मीर कासेम अली यांचा मुलगा मीर अहमद बिन कासेम बॅरिस्टर, वडिलांच्या बचाव पथकात होता. ९ ऑगस्ट २०१६ला साध्या वेशातल्या माणसांनी त्याला घरातून उचललं. महिनाभरात वडिलांना फाशी झाली. तो कुठे आहे हे आठ वर्षं कोणालाच माहीत नव्हतं. हसीना देश सोडून गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, ६ ऑगस्ट २०२४ला, तो सुटला. गुप्त कोठडीत होता. बचावाच्या वकिलाला त्याच्या कामाची याहून मोठी किंमत मोजावी लागल्याचं उदाहरण मला आठवत नाही. सरकार पक्षाच्या साक्षीदारांनीही किंमत मोजली. सईदी यांच्याविरुद्ध साक्ष दिलेल्या पिरोजपूरच्या एका माणसाला डिसेंबर २०१३ मध्ये घरात घुसून मारलं. आणि ५ नोव्हेंबर २०१२ला न्यायाधिकरणाच्या दारातून नाहीसा झालेला, बचावाकडे वळलेला साक्षीदार पुढे कोलकात्याच्या तुरुंगात सापडला.

जे सुधारलं नाही ते असं. आरोपीच्या गैरहजेरीतला खटला तसाच राहिला. २०१३चा पहिला निकाल, अबुल कलाम आझाद या फरार बांगलादेशी आरोपीचा, गैरहजेरीतच लागला होता, सरकारने नेमलेल्या वकिलाच्या साथीने. १७ नोव्हेंबर २०२५ला शेख हसीना आणि माजी गृहमंत्री असदुझ्झमान खान कमाल यांना फाशी सुनावली गेली तीही गैरहजेरीत, सरकारने नेमलेल्या वकिलाच्या साथीने. हजर होते ते माजी पोलीस महानिरीक्षक चौधुरी अब्दुल्ला अल-मामून. ते माफीचे साक्षीदार झाले आणि त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. जे कलम हसीना यांच्या सरकारने केलं, त्याखालीच त्यांना शिक्षा झाली. अनेकांना यात न्याय दिसतो. मला दिसत नाही. पळून गेलेल्या आरोपीचा खटला चालवावा लागतो हे मान्य, पण तो परत आला तर सगळा पुरावा नव्याने तपासून घेण्याचा हक्क त्याला हवा. अशिलाशी एकदाही न बोललेला वकील उलटतपासात काय विचारणार? कोणती वेळ, कोणता फोन, कोणती बैठक, हे सांगणारा माणूसच त्याच्या मागे नसतो. कसाबलासुद्धा आपण वकील दिला, आणि तो समोर बसलेल्या आरोपीशी बोलून प्रश्न विचारू शकत होता. ती सोय किती मोठी आहे हे ढाक्याचे कागद वाचताना जाणवतं.

आता तयारी. पहिलं, तुमचं साधं फौजदारी काम पक्कं करा. निदान पाचेक वर्षं सत्र न्यायालयात खुनाचे खटले बघा, सीनियरच्या मागे बसून उलटतपासाची टिपणं काढा, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल डोळे मिटून वाचता आला पाहिजे. आंतरराष्ट्रीय कायद्याची पदवी घेऊन थेट अशा कामात येणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना रोम संविधी, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा मूळ करार, तोंडपाठ असते आणि साक्षीदाराला एकामागोमाग तीन प्रश्न सरळ विचारता येत नाहीत. युद्धगुन्ह्याचा खटला अखेर खुनाचाच खटला असतो. त्यावर आणखी एक मजला असतो: हल्ला व्यापक किंवा पद्धतशीर होता का, तो नागरिकांवर होता का, आणि हुकूम देणाऱ्याला खालच्यांनी काय केलं ते माहीत होतं का. शेवटचा मुद्दा, म्हणजे वरिष्ठाची जबाबदारी, सगळ्यात अवघड. तो सिद्ध करायला हुकुमांची साखळी कागदावर मांडावी लागते: कोण कोणाच्या हाताखाली, कोणत्या तारखेला, कोणत्या संदेशाने.

दुसरं, बंगाली शिका. निकालपत्रं इंग्रजीत आहेत, पण साक्षी बंगालीत झाल्या, आणि त्यातही रंगपूरची बंगाली वेगळी, चितगावची वेगळी. भाषांतरात साक्षीदाराचा अडखळा गळून पडतो.

तिसरं, वाचायला कुठून सुरुवात करायची ते सांगतो. कादेर मोल्ला अपिलातलं न्यायमूर्ती वहाब मिया यांचं वेगळं मत आधी वाचा, मग त्याच निकालातलं बहुमत, आणि त्यानंतर नोव्हेंबर २०१४चं पुनर्विलोकनाचं निकालपत्र. तिन्ही शेजारी ठेवून मिरपूरच्या त्या साक्षीवर प्रत्येकाने काय म्हटलं आहे ते वेगळ्या कागदावर उतरवा. मग स्वतःला सरकारी वकील समजून त्या साक्षीदाराचा सरतपास लिहून काढा, जुन्या हकिकतीतला फरक न लपवता. तो लिहून झाला की मला पाठवा, मी वाचून कळवीन.